चौथा संपर्क

नागपूरच्या माणसानं डोंगर चढण्याचा छंद धरायचा म्हटलं, की पहिली अडचण डोंगराचीच येते. शहरात सेमिनरी हिल्स आहे, पण तिथं लोक ट्रॅकसूट घालून फिरतात आणि खाली उतरल्यावर जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट तर्री-पोह्यांत भरून काढतात. माझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे प्रेमानंदच्या नियमात ती टेकडी बसत नव्हती. त्याला खरा डोंगर हवा होता. आजूबाजूच्या जमिनीपासून दीडशे मीटर तरी स्वतंत्र उभा असलेला, आणि मुख्य म्हणजे कुठल्याशा परदेशी समितीच्या नकाशात नोंदलेला. पारशिवनीपलीकडचा डोंगर हा डोंगर आहे की नाही, हे सातासमुद्रापलीकडच्या माणसांनी ठरवायचं. आपण त्यांच्या शिक्क्याची वाट पाहत पायथ्याशी उभं राहायचं.

प्रेमानंद मौद्याच्या वीज प्रकल्पात इंजिनियर आहे. आठवडाभर तो यंत्रांच्या घरघरीत असतो, आणि सुट्टीच्या दिवशी मनाला शांतता हवी म्हणून कानाला हेडफोन लावून रेडिओची खरखर ऐकतो. यासाठी त्यानं सरकारी परीक्षा दिली आहे आणि परवाना काढला आहे. परवान्याबरोबर त्याला एक कॉलसाइन मिळालं. कॉलसाइन म्हणजे हवेतलं नाव. आईनं ठेवलेलं नाव त्याला जेवढं आवडत नाही, तेवढं हे आवडतं.

घरी बसून बोलण्याचा कंटाळा आल्यावर त्याला हे डोंगराचं कळलं. रेडिओ, बॅटरी, तार आणि मासे धरायच्या गळासारखी लांब काठी पाठीवर घेऊन शिखरावर जायचं. काठीला तार बांधून ती उभी करायची आणि जगात ज्याला ऐकू जाईल त्याच्याशी बोलायचं. चार वेगवेगळ्या लोकांशी संपर्क झाला तर डोंगराच्या उंचीप्रमाणे गुण मिळतात. तिघांशी झाला तर काहीच मिळत नाही.

"आणि गुणांचं काय मिळते?" मी विचारलं होतं.

"ताई, गुणच मिळतात."

बरं, बोलणं तरी काय? तुमचा आवाज मला कसा येतो, माझा तुम्हाला कसा येतो, धन्यवाद, नमस्कार. एवढ्यावर दोन्हीकडची माणसं खूश. त्याची बायको रोशनी एकदाच त्याच्याबरोबर एका टेकडीवर गेली होती. परत आल्यावर तिनं शांतपणे सांगितलं की संसारात ती शेवटपर्यंत साथ देईल, पण टेकडीवर नाही.

म्हणून बोरजईच्या पहाडीवर त्याच्याबरोबर मी गेले. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना समजावण्यात माझी अख्खी नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून कोणीच माझ्यावर ओरडत नव्हतं आणि मला जरा चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. त्याचा नेहमीचा सोबती ऐनवेळी गुडघा धरून बसला. प्रेमानंद माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, तुले फक्त डबा आणि बॅटरी धरायची आहे."

बॅटरी केवढी असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घाई एवढ्यासाठी होती, की बोरजईच्या पहाडीवरून आजवर कोणीही रेडिओ चालवला नव्हता. जगातला पहिला माणूस होण्याची संधी होती. प्रेमानंद साधा माणूस आहे, त्यानं ही बातमी त्यांच्या रेडिओ क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. रविवारी सकाळी जातो आहे, सर्वांनी ऐकावं, ही विनंती. क्लबचे अध्यक्ष मनोहरराव सोनकुसरे यांनी लगेच हात जोडल्याची खूण पाठवली आणि खाली लिहिलं, शुभेच्छा.

मनोहररावांचं गांधीबागेत साड्यांचं ठोक दुकान आहे. त्यांच्याकडे क्लबमधला सगळ्यात महागडा रेडिओ आहे, सगळ्यात उंच अँटेना आहे आणि पांढऱ्या गाडीच्या टपावर एक लवलवती काठी बसवलेली आहे. क्लबच्या प्रत्येक कार्यक्रमात ते संकटकाळात हौशी रेडिओवाल्यांनी समाजासाठी काय करावं यावर बोलतात. संकट अजून आलेलं नसल्यानं भाषण अबाधित आहे. त्यांच्या शुभेच्छा वाचून मी प्रेमानंदला म्हटलं, "हे तुझ्या आधी जाऊन चढतील, पाहून घे."

"असं काही नसते, ताई. आपल्या छंदात लोक सज्जन राहतात."

बोरजई पारशिवनीच्या पुढे आहे. थंडीचे दिवस होते. तुरीची शेतं धुक्यात उभी होती आणि गावात शिरेपर्यंत माझ्या फोनची रेंज गेली होती. गावाच्या मागेच पहाडी. नागपूरहून येताना दिसली तेव्हा मला ती म्हशीच्या पाठीसारखी वाटली. पायथ्याशी उभी राहिले तेव्हा म्हैस उठून उभी राहिल्यासारखी वाटली. प्रेमानंदनं घरी एकेक ग्रॅम मोजून सामान भरलं होतं. हातातला छोटा वॉकीटॉकी त्यानं वजन वाढतं म्हणून घरीच ठेवला होता, दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली होती. दुपारी परतायचं असताना ब्रश कशाला, हे त्याला विचारायचं मी टाळलं. स्वतःच्या पोटाचं वजन त्यानं हिशेबात धरलं नव्हतं आणि बॅटरी माझ्याकडे होती.

सागाच्या वाळक्या पानांतून पायवाट वर जात होती. वाट चांगली रुळलेली होती. जिथं आजवर कोणी गेलंच नाही तिथं एवढी मळलेली वाट कशी, असं मी विचारलं तेव्हा प्रेमानंद म्हणाला, "गुराढोरांची असेल." पुढं एका वळणावर कोणीतरी दगड रचून पायऱ्या केल्या होत्या. ती गुरं बरीच शिकलेली असावीत.

वर पोचल्यावर तो खरंच हरखला. चारी बाजूंना जंगल, लांबवर पेंचचं पाणी चमकत होतं. त्यानं माथ्यावरच्या एका मोठ्या सपाट दगडाशी काठी उभी केली, तार ताणली, रेडिओ दगडावर ठेवला आणि मला त्याचा फोटो काढायला लावला. पहिला माणूस म्हणून. मी फोटो काढत होते तेवढ्यात पायवाटेवरून एक म्हातारी वर आली. नऊवारी लुगडं, पायात प्लॅस्टिकची चप्पल आणि हातात मोबाइल. तिला धापही लागली नव्हती.

तिनं आमच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि प्रेमानंदला म्हणाली, "सरकून बस गा जरासा. रेंज त्याच गोट्यावर भेटते."

तिचं नाव बायजाबाई. गावात रेंज नव्हती, म्हणून अख्खं बोरजई बोलायला पहाडीवर येत होतं. बायजाबाईची मुलगी नागपुरात असायची, तिच्याशी बोलायला ती आठवड्यातून दोन-तीनदा चढायची. पायऱ्या गावातल्या बायांनीच रचल्या होत्या. जगातल्या पहिल्या माणसानं आपलं सामान उचललं, दगडाचा अर्धा भाग मोकळा केला आणि उरलेल्या अर्ध्यावर बसला.

"हे काय लावून रायले तुमी?" बायजाबाईनं मला विचारलं.

"अँटेना आहे, मावशी. रेडिओची."

"हाव का," असं म्हणून तिनं काठीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फोन लावला. मला वाटलं, मुलीला लावला. पण तो गावच्या रुपरावांना होता. रुपराव पारशिवनीच्या बाजारात होते, तिथं रेंज असते. बायजाबाई म्हणाली, "अरे रुपराव, टावरवाले आले बाप्पा. हाव, काठी गाडून रायले. एक बाई बी हाय संगं, ते साहेबीन दिसते."

मी तिला समजावेपर्यंत फोन कटला होता.

इकडे प्रेमानंदनं हाका सुरू केल्या. सीक्यू, सीक्यू, सीक्यू, म्हणजे कोणी आहे का. पुन्हा पुन्हा तेच. रेडिओतून नुसती खरखर. मला हळूहळू वाईट वाटायला लागलं. जत्रेत हरवलेल्या माणसासारखा तो हाका मारत होता, आणि त्यालाच हरवायची हौस होती. मग खरखरीतून एक आवाज आला, पातळ आणि लांबचा. इंडोनेशियातला कोणी माणूस. प्रेमानंद गुडघ्यावर उठून बसला. त्याचा आवाज कसा येतो ते सांगितलं, आपला कसा येतो ते ऐकलं, धन्यवाद म्हटलं. सगळं मिळून एक घोट पाणी प्यायला लागेल एवढा वेळ. मग एक सायबेरियातला आला. मग बल्गेरियातला एक म्हातारा. तो नुसता आकडा सांगून थांबला नाही. त्याच्याकडे बर्फ पडतोय, तुमच्याकडे कसं आहे, म्हणाला. प्रेमानंदनं सांगितलं, ऊन आहे, माझी मोठी बहीण सोबत आहे. बल्गेरियातला म्हातारा म्हणाला, तिला नमस्कार सांगा.

आता मी या छंदाची टिंगल करते, करणारच. पण कोण कुठला तो माणूस, खिडकीशी बर्फ पाहत बसलेला, आणि त्यानं मला नमस्कार सांगितला. मी रेडिओच्या त्या डब्याला हात जोडले. बायजाबाईनंही जोडले, कोणाला ते न विचारता.

तीन झाले. चौथा बाकी होता.

तेवढ्यात वाटेवरून गलका ऐकू आला आणि रुपराव वर आले. त्यांच्यामागं वीस-पंचवीस माणसं, बाया, एकाच्या हातात नारळ, एकाच्या हातात झेंडूचा हार. गावच्या सरपंच रुपरावांच्या पत्नी होत्या. त्या खाली स्वयंपाकाचं पाहत होत्या, आणि सरपंचकी रुपराव पाहत होते. महिलांसाठी राखीव जागा नागपूर जिल्ह्यात अशीच भरतात.

"या साहेब, स्वागत हाय," म्हणून त्यांनी हार प्रेमानंदच्या गळ्यात घालायला उचलला.

"अहो, मी टॉवरवाला नाही," प्रेमानंद म्हणाला.

"राहू द्या साहेब, आमाले समजते."

"खरंच नाही. हा माझा छंद आहे."

रुपरावांनी लोकांकडे पाहिलं. मोबाइलच्या टॉवरसाठी तीनदा सर्वे झाला होता म्हणे. दर वेळी कोणी साहेब यायचा, कोंबडी खायचा, मोजमाप करायचा आणि जायचा. आपण टॉवरवाले नाही असं म्हणणारा प्रेमानंद हा पहिलाच. त्यामुळे हाच खरा असणार, असं त्यांचं मत पडलं.

"टावर लहानसा हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"गाव बी लहानसंच हाय ना," रुपराव म्हणाले. मग त्यांनी रेडिओकडे बोट दाखवलं. "याच्यावर पारशिवनी लागते का?"

"नाही," प्रेमानंद म्हणाला.

"रामटेक?"

"नाही."

"नागपूर तरी लागन?"

"नाही लागत. म्हणजे कसं आहे, या लहरी वर जातात, आकाशात एका थराला आपटतात आणि खूप लांब जाऊन उतरतात. नागपूर त्यांच्या उडीच्या मधातच राहून जाते."

"मंग कोठी लागते?"

"आता बल्गेरिया लागलं होतं."

रुपरावांनी मागं वळून गावाला विचारलं. गावानं विचार केला. बल्गेरियात बोरजईचं कोणीच नव्हतं.

माझ्या नोकरीत मी एवढं शिकले होते, की आशा धरून आलेल्या माणसाला नाही म्हणायचं असेल तर आधी त्याला बसवावं. मी सगळ्यांना बसवलं. डब्यातल्या पुऱ्या वाटल्या. प्रेमानंदला म्हटलं, तू तुझ्या हाका मार. तो मारत राहिला, कोणी उत्तर देईना. आकाशातला तो थर आता विरळ होत चालला असं काहीतरी तो पुटपुटला. बॅटरीही उतरत होती, जी वाहून माझा खांदा उतरला होता.

"खाली दुसरे साहेब हायत, ते कोन?" रुपरावांनी विचारलं.

"कुठले दुसरे?"

"पांढरी गाडी हाय. मोहाच्या झाडाखाली उभी हाय. गाडीवर अशी लांब काडी. आतमंदी साहेब कानाले लावून बसले. आमी काच ठोकली, तं बोटानं चूप म्हणाले."

प्रेमानंदचा हात माइकवरच थांबला. मनोहरराव. पहाटे आमच्या आधी पोचून पहिला मान घ्यायचा बेत असणार. मग वाटेत कुठंतरी गरम आलुबोंडे लागले असतील, आणि पायथ्याशी आल्यावर पहाडी गाडीतून चढता येत नाही हे दिसलं असेल. आता ते खाली गाडीत बसून आमच्या हाका ऐकत होते. एवढ्या जवळ लहरी उडी न मारता सरळच पोचतात, त्यांना प्रेमानंद घरात बोलल्यासारखा ऐकू येत असणार. त्यांनी एकदा उत्तर दिलं असतं तर चौथा संपर्क झाला असता. म्हणून तर ते चूप म्हणत होते. त्यांच्या संकटकाळच्या भाषणात मौनाचा मुद्दा मी कधी ऐकला नव्हता.

"त्यांना ऐकू येत नसेल," प्रेमानंद म्हणाला. तो कोणाविषयी वाईट बोलत नाही. हा त्याचा दोष घरात सगळ्यांनी वेळोवेळी दाखवून दिला आहे.

मी रुपरावांकडे वळले. "गाडीतले साहेब आहेत ना, ते आमच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. आमच्यात सगळ्यात मोठे तेच. आम्ही फक्त काठी धरणारी माणसं."

यात एक शब्द खोटा नव्हता. रुपराव उठले, धोतर झटकलं. "मंग पयले काहून नाई सांगतलं?" म्हणाले, आणि हार, नारळ, माणसं, बाया, सगळी मिरवणूक वळून खाली निघाली. वर फक्त बायजाबाई राहिली. तिचं मुलीशी बोलायचं अजून व्हायचं होतं.

"ताई, तू हे बरोबर नाही केलं," प्रेमानंद म्हणाला.

"तू हाका मार."

बायजाबाईनं दगडाच्या तिच्या अर्ध्या भागावर बसून मुलीला सांगितलं की टॉवर आला आहे, साहेब लोक चांगले आहेत, पुऱ्या दिल्या. दुसऱ्या अर्ध्यावर प्रेमानंद, कोणी आहे का, कोणी आहे का, करत होता. खालून ढोलकी वाजल्याचा आवाज आला. मग टाळ्या. मग बराच वेळ एकच आवाज. शब्द कळत नव्हते, पण चढउतार माझ्या ओळखीचा होता. मनोहरराव भाषण देत होते.

गळ्यात हार पडला की काही माणसांचं तोंड आपोआप सुरू होतं. मनोहररावांनी, नंतर कळलं त्याप्रमाणे, सुरुवातीला मी तो नव्हेच, असं सांगायचा प्रयत्न केला होता. मग कोणीतरी त्यांना अध्यक्षसाहेब म्हटलं. त्यांनी दळणवळणाचं महत्त्व सांगितलं. दुर्गम भागाच्या व्यथा सांगितल्या. आणि टाळ्या वाढत चालल्या तसं, उन्हाळ्याच्या आत बोरजईचा प्रश्न मी स्वतः मार्गी लावतो, असं सांगून बसले. नारळ फोडला. मग ते गाडीत बसायला गेले, आणि रुपराव म्हणाले, तारीख सांगा.

आम्ही वर काठी उतरवायच्या विचारात होतो, तेव्हा रेडिओ एकदम किंचाळल्यासारखा बोलला. आवाज इतका मोठा होता की बायजाबाईनं फोन कानापासून दूर केला.

"प्रेमानंद, ऐकून राहिला का? प्रेमानंद!"

प्रेमानंदनं माइक उचलला आणि शांतपणे इंग्रजीत म्हटलं, "कॉल करणाऱ्या स्टेशननं कृपया आपलं कॉलसाइन सांगावं."

"अरे मी मनोहर बोलून राहिलो. मी गाडीत आहे. या लोकांनी गाडीला घेरलं. बायका चाकापुढं बसल्या. फोन लागत नाही इथं. तू खाली ये आणि यांना समजाव."

"कृपया कॉलसाइन."

मी माझ्या भावाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचं नावही नव्हतं. तो खरोखर नियम पाळत होता. कॉलसाइनशिवाय संपर्क मोजला जात नाही.

रेडिओवर मागून कोणाचा तरी आवाज आला, "तारीख लिवून द्या." मग मनोहररावांनी दातओठ खात आपलं कॉलसाइन सांगितलं.

"आपला आवाज पाच-नऊ येतो आहे," प्रेमानंद म्हणाला. पाच-नऊ म्हणजे त्यांच्यात पैकीच्या पैकी. "माझा कसा येतो?"

"चांगला येतो रे बाबा."

"आकड्यात सांगा."

"पाच-नऊ. पाच-नऊ! आता ये."

"धन्यवाद. उतरून येतो," प्रेमानंद म्हणाला, माइक ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडतो आहे असं वाटून मी जवळ गेले. तो हसत होता. लहानपणी बाबांच्या सायकलचं चाक फिरवताना हसायचा, तसा, आवाज न करता.

उतरायला बराच वेळ लागला, कारण मी मुद्दाम सावकाश उतरले. मोहाखाली पांढरी गाडी, तिच्या बॉनेटवर खोबऱ्याचे तुकडे, चाकांपुढं बाया ऐसपैस बसून गप्पा मारत होत्या. मनोहररावांनी काच चार बोटं खाली केली होती. गळ्यातला हार त्यांनी काढला नव्हता. काढायचं सुचलं नसेल.

मी रुपरावांना बाजूला घेतलं आणि सगळं सरळ सांगितलं. हे साहेब टॉवरचे नाहीत, सरकारचे नाहीत. गांधीबागेत साड्या विकतात. रेडिओ हा यांचाही छंदच आहे. रुपराव ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नुसता थकवा आला, आणि ते मला जास्त लागलं. ते गाडीपाशी गेले.

"साड्यायचं दुकान हाय तुमचं?"

मनोहररावांनी मान हलवली.

"मंग भाषण काहून देल्लं?"

मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांना हे विचारलं होतं. ते दार उघडून बाहेर आले, हार काढून हातात धरला आणि म्हणाले, "चूक झाली. पण शब्द दिला आहे, तर अर्ज मी स्वतः घेऊन जातो. माझ्या ओळखी आहेत."

"वळखी सगळ्यायच्याच रायते," रुपराव म्हणाले. तरी त्यांनी हातानं बायांना उठायची खूण केली. मग म्हणाले, "जेवाले चाला. रोडगे झाले."

टॉवरच्या साहेबासाठी केलेले रोडगे आणि वांग्याची भाजी साड्यांच्या दुकानदारानं आणि वीज प्रकल्पाच्या इंजिनियरनं शेजारी बसून खाल्ली. सरपंचबाई वाढत होत्या. मनोहरराव सगळ्यात कमी जेवले. प्रेमानंदनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि भाजी छान झाली आहे, असं इतक्या मनापासून सांगितलं की सरपंचबाई हसल्या. त्या दिवशी त्या गावात तेवढंच खरं भाषण झालं असावं.

पुढच्या महिन्यात क्लबचं स्नेहसंमेलन झालं. मनोहररावांनी अध्यक्षीय भाषणात सांगितलं की क्लबनं एका दुर्गम गावात आपत्कालीन संपर्काचा सराव यशस्वीपणे पार पाडला, आणि मोबाइल बंद असताना केवळ हौशी रेडिओमुळे मदत मिळू शकली. मदत कोणाला मिळाली हे त्यांनी सांगितलं नाही. प्रेमानंदनं टाळ्या वाजवल्या. बोरजईच्या पहाडीचा त्याला एक गुण मिळाला होता, कारण पहाडी बुटकी आहे.

"तू उठून काहून नाही सांगितलं?" मी घरी येताना विचारलं.

"ताई, चौथा संपर्क त्यांचाच होता ना," तो म्हणाला. जणू मनोहररावांनी त्याला किडनी दिली होती.

एवढं मात्र खरं, की मनोहरराव टॉवरचा अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेले. एकदा नाही, अनेकदा. रुपराव दर वेळी सोबत असायचे, आणि कचेरीत वाट पाहताना दोघं एकाच पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा खायचे, असं मनोहररावांच्या बायकोनं तक्रारीच्या सुरात मला सांगितलं. अखेर बोरजईचा चौथा सर्वे झाला. साहेब आले, या वेळी कोंबडी न खाता गेले, त्यामुळे गावाला फार आशा वाटली. मग अहवाल आला. बोरजईच्या हद्दीत मोबाइलची रेंज उपलब्ध आहे, सबब टॉवरची गरज नाही. सर्वेवाले पहाडीवर चढले होते आणि बायजाबाईच्या दगडावर त्यांना फोनवर रेंजच्या दोन कांड्या दिसल्या होत्या.

मनोहररावांना हे फार लागलं. इतकं, की एका रविवारी त्यांनी आम्हाला दोघांना गाडीत घातलं, बोरजईला आणलं आणि पहाडी चढायला लागले. रुपराव पुढं, मनोहरराव मधे, त्यांना मागून टेकू द्यायला प्रेमानंद. मी बॅटरी न घेता चढत होते, त्यामुळे मला सगळं नीट पाहता आलं. ते दर वळणावर बसत. बायांनी रचलेल्या पायऱ्यांवर तर ते हात टेकून चढले. वर पोचले तेव्हा त्यांचा चेहरा त्यांच्या दुकानातल्या लाल शालूंच्या रंगाचा झाला होता.

दगडावर बसून त्यांनी त्या कचेरीतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. घरच्या नंबरावर, रविवार होता म्हणून. फोन लागला. मनोहररावांनी श्वास सावरत सांगितलं की मी स्वतः बोरजईत उभा आहे, गावात अजिबात रेंज नाही, तुमचा अहवाल साफ चुकीचा आहे, म्हातारी माणसं एक फोन करायला पहाड चढतात.

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तरी रुपरावांनी विचारलं.

"काय म्हणते?"

"म्हणतो, तुम्ही बोरजईतूनच बोलून राहिले ना? आवाज छान येऊन राहिला म्हणे."

प्रेमानंदनं त्यांना पाण्याची बाटली दिली. खाली गावात कोणाची तरी पिठाची गिरणी सुरू झाली. मनोहरराव रुपरावांच्या खांद्यावर हात ठेवून उठले.

उतरताना अर्ध्या वाटेवर ते थांबले आणि म्हणाले, "रुपराव, पुढचा अर्ज पोस्टानं पाठवू."

"हाव," रुपराव म्हणाले. "अन् त्यायचा साहेब आला, तं त्याले आधी गावात बसवू. पहाडी दाखवाचीच नाई."